मदत हवी आहे: बागेतल्या चक्रव्यूहात गावाचा इतिहास कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक बागेत जमिनीवर फरसबंदीचा चक्रव्यूह करायचा आहे. चालता चालता लोकांना गावाचा इतिहास वाचता यावा, ही कल्पना. हा भूलभुलैया नाही. वाट एकच, फाटे नाहीत, हरवायची भीती नाही. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या फरशीवर असाच 11 वेढ्यांचा आहे, व्यास जेमतेम 13 मीटर, पण आतली वाट सुमारे 260 मीटर भरते.

आम्ही सात वेढ्यांचा जुना आराखडा धरलाय आणि तिथेच घोडं अडलंय. त्यात माणूस आधी (बाहेरून मोजता) तिसऱ्या वेढ्यात शिरतो, मग दुसऱ्या, पहिल्या, तिथून चौथ्या, सातव्या, सहाव्या आणि शेवटी पाचव्या. म्हणजे चालण्याच्या क्रमाने दर वेढ्यात एका कालखंडाचे कोरीव दगड बसवले, तर पहिला आणि चौथा कालखंड शेजारी येतात. मला हे आवडतं, जुनं-नवं अंगाला अंग लावून राहतं. पण घाईत वाकून वाचणाऱ्याचा गोंधळ होणार. शिवाय परत यायला तीच वाट, म्हणजे इतिहास उलटा.

मग केंद्रात काय ठेवावं? सर्वांत जुनी आठवण की आजचा दिवस? पूर, साथ, दंगल अशा दुखऱ्या गोष्टी वाटेतच ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर 1.8 मीटर रुंदी लागते. एवढी वाट घेतली की व्यास 25 मीटरच्या पुढे जातो. कोणी वेढे कमी करून पाहिलेत का? आणि रोजच्या वर्दळीत अक्षरं टिकायला कोरून घ्यावीत की धातूची बसवावीत?