मदत हवी आहे: आडनाव शिंदे की मोरे? (तातडीचं)

कोयनाकाठ: नमस्कार. आम्ही शिंदे. परवा आजोबांची ट्रंक उघडली, त्यात त्यांचा शाळेचा दाखला निघाला. त्यावर आडनाव मोरे! त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे वंशावळीच्या वह्या असतात असं ऐकलंय. आमची वही कोणाकडे असेल? शनिवारी निघतोय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, बाकी चर्चा नको.

मोडीमित्र: गाव?

कोयनाकाठ: मुंबई.

मोडीमित्र: अहो, मूळ गाव! तिथे गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. गाव, जात, आडनाव यांवरून कोणाचे यजमान ते ठरतं. नुसतं 'शिंदे' सांगितलंत तर दिवसभर या वाड्यातून त्या वाड्यात फिराल.

कोयनाकाठ: तापोळ्याच्या बाजूला होतं. आता नाही.

घाटपायथा: नाही म्हणजे?

कोयनाकाठ: कोयनेच्या धरणात गेलं. म्हणूनच लिहिलं नव्हतं. नसलेल्या गावाचं नाव सांगून काय करायचं?

मोडीमित्र: गाव बुडालं, दप्तर कुठे बुडालं? वहीत तर जुनंच नाव असणार. ते पाठ करून जा. पण माझं ऐकाल तर आधी कोतवाल बुक बघा. गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. अर्ज करा, नक्कल मिळते. तापोळा आज महाबळेश्वर तालुक्यात आहे, पण तो मुलूख जुन्या जावळीचा. तेव्हा मेढ्यालाही, म्हणजे जावळीच्या तहसीलला, विचारा. जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या.

रामकुंड: कोतवाल बुकात बहुतेक वेळा नाव, बापाचं नाव आणि जात. आडनावाचा पत्ता नसतो. ह्यांना आडनावच शोधायचंय ना? वहीच बघा. आमच्या पणजोबांची सही नाशकात सापडली, अंगावर काटा आला होता.

मोडीमित्र: वहीत यजमान सांगेल ते उतरवतात. तुमच्या पणजोबांनी स्वतःला सरदार म्हणून सांगितलं असतं तर सरदार लिहिलं असतं.

रामकुंड: पणजोबांवर येऊ नका.

जावळीचा_वाघ: तापोळा आणि मोरे! अजून कळलं नाही? चंद्रराव मोरे!! १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा पांगलेल्यांनी आडनावं बदलली. अभिनंदन दादा.

घाटपायथा: आणि तीनशे वर्षं गप्प बसून एकदम मराठी दुसरीत मोरे आठवले?

जावळीचा_वाघ: इतिहास वाचा जरा.

कागदपत्र_काका: नाव बदलायचं असल्यास राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. आधार, फोटो तयार ठेवा.

कोयनाकाठ: काका, बदलायचं नाहीये. ट्रंकेत एक मोडी कागदपण आहे, ओळखीच्यांनी वाचून दिला. 'धोंडी बिन सखोजी'. आता हे बिन कोण? आमच्यात असं आडनाव नाही.

मोडीमित्र: 😀 बिन म्हणजे मुलगा. सखोजीचा मुलगा धोंडी. काही कागदांत 'वलद' येतं, तेही तेच. त्या काळी कुळंब्याच्या कागदावर आडनाव नसणं नवल नाही. गावात सगळे ओळखीचे, आडनाव लागायचं कोणाला? शाळेत नाहीतर गिरणीत नाव घालताना ते चिकटलं. आजोबा गिरणीत होते का?

कोयनाकाठ: हो, लालबागला. तिथे शिंदेच.

घाटपायथा: एक विचारू? आजवर अडलं नाही, मग शनिवारचीच घाई का?

कोयनाकाठ: रविवारी मुलाची सुपारी आहे. मुलगी मोऱ्यांची.

घाटपायथा: हे पहिल्या ओळीत लिहायचं हो!!

रामकुंड: आडनाव सोडा, देवक बघा. देवक एक निघालं तर थांबा.

वकिलीणबाई: कायद्याने एक आडनाव, एक गोत्र आड येत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ सपिंड, म्हणजे जवळचं रक्ताचं नातं, बघतो: स्वतःला धरून बापाकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. तेवढी नावं दोन्ही घरांत विचारून लिहून काढा.

रामकुंड: कायदा मांडवात येत नाही, ताई. आत्या येते.

मोडीमित्र: त्याच आत्येला विचारलंत का? गाव उठलं तेव्हाचं आठवणारं घरात कोणी आहे की नाही?

कोयनाकाठ: थोरली आत्या आहे, पनवेलला. ऐकू कमी येतं म्हणून विचारलं नव्हतं.

(दुसऱ्या दिवशी)

कोयनाकाठ: आत्याकडे जाऊन आलो. म्हणाली (आजोबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, ती दादा म्हणते), "आरं, दादा आजोळी वाढला. मामानं शाळंत घातला, मास्तरानं मामाचंच आडनाव लिवलं." म्हणजे पणजी मोऱ्यांची. आम्ही शिंदेच. गावाचं नावही तिनेच सांगितलं, वाडीसकट. आमचं देवक तिला पाठ आहे, मोऱ्यांचं तिकडून विचारून घेतो. पण आता मुलगी पणजीच्या माहेरची निघाली तर?

घाटपायथा: मामाच्या घरची मुलगी. आपल्यात चालतंय की.

वकिलीणबाई: पणजीचा भाऊ आणि मुलीचे पूर्वज एकच आहेत का, तेवढं बघाच.

मोडीमित्र: दाखल्यावर शाळेचं नाव असेल ना? त्या शाळेचं जनरल रजिस्टर काढा. पालक म्हणून मामाचं नाव दिसलं की आत्याचं म्हणणं कागदावर पक्कं होईल. त्र्यंबकला मग सावकाश जा.

रामकुंड: जाच पण. आणि परत येताना तुमचंही नाव वहीत घालून या.

बागलाणी: मीपण मोरे, सटाण्याकडचा. तो मोडी वाचणारा माणूस किती घेतो?