मदत हवी आहे: सहा वर्षांच्या भाच्याचे रेडिएशन पुण्यातच घ्यावे की प्रोटॉनसाठी खारघरला जावे?

नमस्कार.

माझ्या भाच्याच्या लहान मेंदूतील गाठ (मेड्युलोब्लास्टोमा) तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात शस्त्रक्रिया करून पूर्ण काढण्यात आली. एमआरआय आणि पाठीच्या पाण्याच्या तपासणीत आजार पसरल्याचे दिसलेले नाही. आता संपूर्ण मेंदू व मणक्याला २३.४ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजण्याचे एकक) आणि पुढे गाठीच्या जागेला एकूण ५४ ग्रे, असे सोमवार ते शुक्रवार मिळून ३० सिटिंग्ज, म्हणजे सहा आठवड्यांचे रेडिएशन ठरले आहे. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला हवे, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

पुण्यात लिनॅकवर (नेहमीच्या रेडिएशन यंत्रावर) फोटॉन किरणांनी, म्हणजे उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांनी, उपचार लगेच सुरू होऊ शकतात. टाटा स्मारक रुग्णालयाच्या खारघर (नवी मुंबई) येथील केंद्रात प्रोटॉन कणांनी रेडिएशन देण्याची सोय आहे. तेथे चौकशी केली आहे, तारीख अद्याप मिळालेली नाही. फोटॉन किरण मणक्यातून पुढे छाती-पोटातून आरपार जातात, त्यामुळे हृदय, थायरॉईड आणि आतड्यांनाही थोडा डोस बसतो; प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर आपली ऊर्जा सोडून थांबतात, एवढे मला समजले आहे. तथापि संपूर्ण मेंदूला डोस द्यायचाच असल्यामुळे उंची, हार्मोन्स आणि अभ्यास यांवरील परिणाम प्रोटॉननेही पूर्णपणे टळत नाहीत, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. म्हणूनच प्रोटॉनसाठी थांबण्यात उशीर होणार असेल, तर तो किती दिवसांपर्यंत परवडणारा आहे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

दुसरी अडचण रेडिएशनच्या वेळी डोके स्थिर ठेवणाऱ्या मास्कची. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर बसवून तो तयार केला, तेव्हा "मामा, ही तर पुरणाची चाळण आहे" म्हणून भाचा हसला. पण टेबलाला मास्क अडकवताच चौथ्या मिनिटाला रडू लागला. तो शांत राहिला नाही, तर रोज भूल द्यावी लागेल, आणि भुलेसाठी सकाळी उपाशी ठेवणे आलेच. पहाटे उठल्याउठल्या दूध-बिस्किटे मागणाऱ्या मुलाला तीस दिवस काय सांगावे, हे बहिणीला सुचत नाही. ज्यांच्या मुलांनी भूल न घेता सिटिंग्ज पूर्ण केल्या, त्यांनी घरी मास्कची सवय कशी लावली, हे कृपया लिहावे.

(घरातील तान्ह्या बाळाला त्याच्यापासून दूर ठेवा, असा सल्ला नातेवाईकांकडून मिळतो आहे. बाहेरून दिलेल्या किरणांमुळे मूल किरणोत्सर्गी होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले आहे, तेव्हा त्यावर चर्चा नको.)

खारघरला मुक्काम करावा लागल्यास सहा आठवड्यांच्या राहण्याची सोय कोणी कशी केली होती आणि तेथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग झाला का, हेही अनुभवातून सांगावे. येत्या गुरुवारी आम्हाला डॉक्टरांना निर्णय कळवायचा आहे.