मदत हवी आहे: शर्यतीत दर वेळी पोटरीत गोळा येतो

शेवटचा_किमी
पुढच्या रविवारी नांदेडला शर्यत आहे, लवकर सांगा. तीन शर्यती झाल्या, तिन्ही वेळा पोटरीत गोळा आला. मागच्या वेळी पाणी वाटणाऱ्या शाळेच्या पोरींनी दुभाजकावर बसवलं. एकीनं बूट काढला, दुसरी "काका, ओढू का?" म्हणाली आणि ओढलाच अंगठा. उठलो, लंगडत पोचलो, मेडल मिळालं. सरावात कधीच होत नाही. गोळी, पट्टा, काहीही सांगा. एकदा न थांबता पोचायचंय.

गोदाकाठ
किती किमीची? गोळा कितव्याला? वय? एका पायात की दोन्ही?

लिंबूमीठ
क्षार कमी पडायलेत. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. मी मे महिन्यात दौलताबादच्या रस्त्याला पळतो, हे घेतल्याशिवाय घर सोडत नाही.

शेवटचा_किमी
१० किमी. सातव्या-आठव्याला. वय ४३. उजवाच. साखर-मीठ पाणी मागच्या वेळी अख्खी बाटली पिऊन झालं, तरी आला.

काळी_माती
बूट काढून टाका. आमच्या हिंगोलीकडं पोरं अनवाणीच पळतात, कुणाला गोळा येत नाही.

गोदाकाठ
आठ दिवसांवर शर्यत आणि अनवाणी? टाच खाली टेकत नाही, सगळा भार पोटरीवर येतो. ज्याची पोटरीच दुखते त्याला हे सांगू नका. आणि लिंबूमीठ, मे महिन्यात तुमचं बरोबर. जानेवारीच्या थंडीत तासाभराच्या पळण्यात एवढं मीठ जात नाही.

लिंबूमीठ
वीस वर्षं पळतोय. मीठ लागतंच.

आष्टीकर
आमच्या तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२० साली दिल्लीत अर्धी मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत काढली. किमीला तीन मिनिटंसुद्धा नाहीत! बीडचं लेकरू आहे, ऊर भरून येतो.

गोदाकाठ
आम्हालाही अभिमान आहे, पण धागा पोटरीचा आहे. धागाकर्ते, पहिला किमी किती मिनिटांत काढता? सरावातला आणि शर्यतीतला, दोन्ही सांगा.

शेवटचा_किमी
आत्ता घड्याळात पाहिलं. सरावात, कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर, ६:३०. शर्यतीत ४:५०. पुढं भरतीची पोरं उभी असतात, झेंडा पडला की त्यांच्यासोबतच निघतो. त्यांच्यात पळायला फार छान वाटतं हो.

पोखर्णीची_ताई
सापडला की गोळा! ती पोरं १६०० मीटरची तयारी करतात, पाच-साडेपाच मिनिटांत खेळ संपतो त्यांचा. माझा भाऊ भरतीला पळायचा, दहा किमीत तिसऱ्यालाच चालायला लागायचा. बरं, शर्यत वेळेवर सुटली होती का?

शेवटचा_किमी
साडेसहा सांगितलं, पाहुणे साडेसातला आले. तोवर नुसत्या टी-शर्टवर एका जागी उभा. दात वाजायले होते. साडेसहाच्या आधी वॉर्मअप केला होता.

पोखर्णीची_ताई
तासाभरात गार झाला तो. परभणीची थंडी तुम्हाला मी काय सांगू. झेंडा पडेपर्यंत जुना स्वेटर अंगावर ठेवा आणि जागच्या जागी हलत राहा. मागं उभं राहा, पहिले दोन किमी सात-सातनं काढा. गोळा आलाच तर थांबा, गुडघा सरळ ठेवून चवडा अंगाकडं ओढा. त्या पोरीनं बरोबरच केलं होतं.

गोदाकाठ
शंभर टक्के. एक राहिलं, दर वेळी उजवाच पाय का? जुनी दुखापत?

शेवटचा_किमी
कबड्डीत त्या पायाचा घोटा मुरगळला होता, कॉलेजात. त्याचा काय संबंध?

गोदाकाठ
हे आधी सांगायचं ना! घोटा आखडलेला असेल तर पोटरीला जास्त ओढावं लागतं. भिंतीसमोर चवडा चार बोटं लांब ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. दोन्ही पायांनी करून बघा. शर्यतीनंतर पायरीवर टाचा वर-खाली करायचा व्यायाम सुरू करा, आता नको, पाय भरून येतील. पळत नसतानाही पोटरी सुजली किंवा गरम लागली तर मात्र थेट डॉक्टर.

नवाखेळाडू
टी-शर्टचा साइज नंतर बदलून मिळतो का? मी एल लिहिलाय.

शेवटचा_किमी
डावा गुडघा भिंतीला लागतो, उजवा दोन बोटं अलीकडंच राहतो. पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. आज पहाटे सात-सातनं सुरुवात करून दहा पूर्ण केले. आठव्याला पोटरी ओढल्यासारखी झाली, गोळा नाही आला! ताई, गोदाकाठ, फार आभार. आता एवढं सांगा, परभणीहून नांदेडला पहाटे साडेपाचच्या आत पोचणारी गाडी आहे का?

लिंबूमीठ
पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्री या, गुरुद्वाऱ्याजवळ घर आहे माझं. पाणी मी बनवून ठेवतो, थोडं तरी प्या.