मदत हवी: बॅकअपसाठी झिप, सेव्हन-झेड की रार?

दांडियाबाजारकर: घरचा सगळा डेटा एकदाचा दाबून एका फाइलीत बांधून ठेवायचाय, पुढची पंधरा-वीस वर्षं टिकेल असा. झिप चालत नाहीये. दुसरा कुठला फॉरमॅट घेऊ? रविवारी उरकायचंय, वाद नकोत, नाव सांगा.

गाठोडे: चालत नाही म्हणजे? डेटा कसला, किती, विंडोज की लिनक्स?

चकलीबहाद्दर: रार, डोळे झाकून. रिकव्हरी रेकॉर्ड टाकून ठेवा, फाइल थोडी बिघडली तरी दुरुस्त होते. झिपमध्ये आहे का ही सोय?

गाठोडे: पण रार बनवणारा प्रोग्राम एकाच कंपनीचा. झिप १९८९ पासून आहे, कुठेही उघडतं. दुरुस्तीसाठी सोबत पार-टू फाइली करा.

चकलीबहाद्दर: एकाच कंपनीचा असू दे. ४० दिवसांची फुकट ट्रायल उलटली तरी प्रोग्राम चालतोच, आजवर कुणाची संपलीय? 😀

टर्मिनलराव: एक्सझेड हा लिनक्सवाल्यांचा फॉरमॅट मात्र नको. मार्च २०२४ मध्ये त्याच्या प्रोग्राममध्ये बॅकडोर, म्हणजे घुसखोरीची चोरवाट, सापडलं होतं.

गाठोडे: राव, ते ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. आणि एक्सझेडचं विचारलंय कुणी?

दांडियाबाजारकर: विंडोज. आजोबांची स्कॅन केलेली पत्रं, नाटकांचे फोटो, लेकीचे व्हिडिओ. सगळ्याची मिळून एक ५० जीबीची झिप केली, ती जुन्या हार्ड डिस्कवर जातच नाही. 'फाइल फार मोठी आहे' म्हणतं. वर आकारही जेमतेम कमी झाला.

गाठोडे: हे आधी नाही का सांगायचं! झिपचा दोष नाही. डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असणार, ती ४ जीबी आणि त्यावरची एक फाइल घेतच नाही. आतलं दुसरीकडे हलवून ती एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट करा. जेपीजी, एमपी४ आधीच दाबलेले असतात, परत दाबून काय निघणार? ते नुसते फोल्डरमध्ये ठेवा. पत्रांचे स्कॅन साधे, न दाबलेले टिफ असतील तर तेवढे झिप करा, वर्षावार वेगवेगळे. सेव्हन-झेडच घेतलंत तर 'सॉलिड' (अनेक फाइली एका ब्लॉकमध्ये एकत्र दाबणं) बंद ठेवा, नाहीतर एके ठिकाणी बिघडलं की त्या ब्लॉकमधल्या पुढच्या फाइलीही जातात.

तळमजला: फॉरमॅटचं काय घेऊन बसलात! ऑगस्ट २०२४ ला इथे वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, आमच्या दोन्ही डिस्क एकाच कपाटात. आता एक पुण्याला बहिणीकडे असते.

चकलीबहाद्दर: कुठे राहता? आमच्या गल्लीत तर स्कूटर बुडाल्या होत्या.

तळमजला: समा-सावली रोडच्या बाजूला. तुम्ही?

दांडियाबाजारकर: अहो पुराचा धागा वेगळा काढा. गाठोडे, फाइलींची नावं देवनागरीत आहेत, झिपमध्ये चालतील?

गाठोडे: सेव्हन-झिप या प्रोग्रामनं करा, नावं यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरसंहिता) मध्ये जातात. जुने प्रोग्राम उघडताना भलतीच अक्षरं दाखवू शकतात. आधी दोन-चार पत्रांवर करून फोनवर उघडून बघा.

चकलीबहाद्दर: रारमध्ये नावांचा हा घोळच नाही.