'हॉटेल रवांडा' दाखवायचाय, पण मुलांना काय सांगू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्याला एक सिनेमा दाखवतो, नंतर चहा आणि गप्पा. या वेळी 'हॉटेल रवांडा' (२००४) ठरलाय. नववी-दहावीची पोरंही येतात, म्हणून परवा रात्री एकटीच बसून पुन्हा पाहिला. धुक्यातल्या रस्त्यावर गाडी हादरे खाते आणि खाली उतरल्यावर कळतं की चाकांखाली प्रेतं आहेत, तिथे मी बंदच केला. हा प्रसंग पोरांना दाखवावा का?

दुसरी अडचण मोठी आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडा देशात हुतू जमातीच्या अतिरेक्यांनी तुत्सी जमातीचा नरसंहार केला, तेव्हा राजधानी किगालीतल्या हॉटेलात १,२६८ जण वाचले, पाण्यासाठी पोहण्याचा तलाव उपसला, हे सगळं खरं. पण सिनेमातला नायक, म्हणजे हॉटेलचे व्यवस्थापक पॉल रुसेसाबागिना यांनी आसऱ्याला आलेल्यांकडून खोल्यांचे पैसे घेतले, असं तिथे वाचलेलेच काही जण सांगतात. पुढे २०२१ मध्ये रवांडात त्यांना दहशतवादाच्या आरोपाखाली २५ वर्षांची शिक्षा झाली, २०२३ मध्ये सुटका. तो खटलाही निःपक्षपाती नव्हता, अशी टीका झालीच.

हे सिनेमाआधी सांगू की नंतर? आधी सांगितलं तर पोरं सिनेमाभर त्यांच्याकडे संशयानेच बघतील. कुणी असा कार्यक्रम घेतलाय का? हुतू-तुत्सी प्रकरणावर मराठीत वाचण्याजोगं काही असेल तर तेही सुचवा. शनिवारी दाखवायचाय, जरा लवकर सांगा.