मदत हवी आहे : बिल एव्हान्सच्या नव्या रेकॉर्डवर पियानोचा सूर हलतोय

निषाद_ठाणे
जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'ची नवी आवृत्ती मागवली. पहिली बाजू शेवटाकडे आली की पियानो हलायला लागतो. 'डीटूर अहेड' तर ऐकवतच नाही, प्रत्येक लांब सूर वरखाली होतो. दुकानदार म्हणतो, १९६१ चं रेकॉर्डिंग आहे, जुन्या टेपचं असंच असतं. मला हे पटत नाही. परत द्यायची मुदत शनिवारी संपते आहे, तेव्हा कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आणि कृपया 'स्ट्रीमिंगवर ऐका' असं सांगू नका.

फ्लॅकप्रेमी
नको म्हणालात तरी सांगतो, कारण हा अल्बम मला जिवापाड प्रिय आहे. हा अल्बम क्लबमध्ये एकाच दिवशी रेकॉर्ड झाला, त्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग २००५ साली तीन सीडींच्या संचात निघालं. वाजलं त्याच क्रमाने पाचही सेट त्यात आहेत. ना सुई, ना धूळ, ना सूर हलणं. एलपीवर सहाच गाणी आहेत, बाकीचं तुम्ही ऐकणारच नाही का?

सर्किट_सातारा
निषाद, आधी माहिती दे. टर्नटेबल कुठलं, बेल्टचं की डायरेक्ट ड्राइव्ह? रेकॉर्ड मिनिटाला ३३ फेऱ्यांची आहे की ४५ ची? दुसऱ्या बाजूलाही हलतं का? बाकीच्या रेकॉर्ड कशा वाजतात? यातलं एकही तू लिहिलेलं नाहीस.

जुनाबाजार
बेल्ट. दुसरं काही नाही. मी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून मशीन आणून दुरुस्त करतो, पहिलं काम बेल्ट बदलायचं. रबर सैल पडलं की वेग खालीवर होतो आणि पियानोवर ते लगेच कळतं. नवा बेल्ट टाक, मोटरच्या कप्पीला स्पिरिट लाव, रेकॉर्डला दोष देऊ नकोस.

रसिक_नागपूर
दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाहीये. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये, जिथे हे रेकॉर्ड झालं, वीज गेली होती. टेप मंदावल्याचं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. तुम्ही तेच ऐकताय.

न्यूजर्सीकर
रसिकजी, वीज गेली हे खरं, पण ते या अल्बमवर नाही. २५ जून १९६१, रविवार. दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन असे पाच सेट झाले. पहिल्या सेटमध्ये 'ग्लोरियाज स्टेप' चालू असताना वीज गेली आणि तो टेक तुटला. तो कुठल्याही जुन्या एलपीवर घेतला नव्हता, फ्लॅकप्रेमींनी सांगितलेल्या २००५ च्या संचात आहे. आणि 'ग्लोरियाज स्टेप' मुळात 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'वर आहे, 'वॉल्ट्झ फॉर डेबी'वर नाही. 'डीटूर अहेड'चा टेक व्यवस्थित आहे, माझ्याकडच्या प्रतीत सूर काठीसारखा सरळ आहे.

रानजाई
आधी रेकॉर्ड धुऊन घ्या. डिस्टिल्ड पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, लेबल भिजू द्यायचं नाही. नवीन रेकॉर्डवरही कारखान्यातली घाण असते. आणि ग्लासांची किणकिण, मागची कुजबुज येत असेल तर तो बिघाड नाही बरं का! क्लबमध्ये बसलेल्या लोकांचा आवाज आहे तो. माझ्या भाच्याने त्यासाठी रेकॉर्ड परत केली होती.

निषाद_ठाणे
ग्लासांचा आवाज मला कळतो हो, तो तर आवडतो. चटचटही होत नाहीये. सूर हलतोय, सूर!
३३ ची आहे. टर्नटेबल बेल्टचं, तीन वर्षांपूर्वी नवं घेतलेलं. बाकीच्या रेकॉर्ड ठीक वाजतात. काल मुद्दाम भीमसेनजींची एलपी लावली, तानपुरा शेवटपर्यंत स्थिर. दुसरी बाजू अजून नीट ऐकली नाही, पहिल्यानेच वैताग आला.

सर्किट_सातारा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस. तानपुरा स्थिर आहे म्हणजे बेल्टचा प्रश्न मिटला.

जुनाबाजार
मिटला कसा? गाण्यात कान आवाजाकडे असतो, तानपुऱ्याकडे कोण लक्ष देतं? मी एवढी मशीनं उघडली आहेत, मला सांगू नका.

पेटीवादक
जुनाबाजार, गाणं ऐकणाऱ्याचा कान तानपुऱ्यावरच टेकलेला असतो. तो हलला तर पहिल्या मिनिटाला उठून बसायला होतं. निषादचं ऐकणं मला विश्वासार्ह वाटतं.

दुसरं, पियानोला मींड नाही, जशी माझ्या पेटीला नाही. हातोडी तारेवर पडली की सूर ठरला, मग तो विरत जातो, सरकत नाही. गायकाचा किंवा सॅक्सोफोनचा सूर थोडा हलला तर कान त्याला आंदोलन समजून माफ करतो, पियानोला ती सवलत मिळत नाही. त्यात एव्हान्स स्वर दाबून धरतो, स्वरसमूह विरू देतो आणि त्या शांततेत स्कॉट लाफारोचा बास बोलू लागतो. ड्रमवर पॉल मोशन ब्रशने जेमतेम स्पर्श करतो. अशा वादनात कंप लपायला जागाच नाही. तेव्हा दोष यंत्रात नाहीतर तबकडीत, हे नक्की.

सर्किट_सातारा
माझा अंदाज : भोक मध्यावर नाही. रेकॉर्डच्या खाचा एका केंद्राभोवती आणि भोक त्यापासून थोडं बाजूला. मग प्रत्येक फेऱ्यात सुई एकदा केंद्राजवळ येते, एकदा लांब जाते. खाच सुईखालून कधी हळू सरकते, कधी जोरात, आणि सूर उतरतो-चढतो.

आता हिशोब बघ. भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय असं धरू. बाहेरच्या खाचेची त्रिज्या साधारण १४६ मिमी, म्हणजे फरक ०.३ टक्के. लेबलाजवळ त्रिज्या ६० मिमीच्या आसपास, तिथे तोच अर्धा मिलिमीटर ०.८ टक्के होतो. चढताना ०.८, उतरताना ०.८. म्हणून 'माय फूलिश हार्ट'ला तुला फारसं जाणवत नाही आणि 'डीटूर अहेड'ला असह्य होतं, ते त्या बाजूचं शेवटचं गाणं आहे.

तपासायचं असं. ३३ ची रेकॉर्ड एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण करते. सुराचे दहा झोके मोज, अठरा सेकंद लागले तर फेऱ्याशी संबंध पक्का. मग समोर बसून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बघ. डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक. वर-खाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे, ते वेगळं दुखणं.

पेटीवादक
सर्किट, दोन्हीकडचे ०.८ मिळून १.६ टक्के झाले. आपली प्रमाण श्रुती ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का. दर फेऱ्याला एका श्रुतीहून जास्त सरकतोय सूर! ऐकवणार कसं?

फ्लॅकप्रेमी
भोक वगैरे ठीक आहे, पण खरी गोम वेगळी आहे. निषाद, ही आवृत्ती कुणाची? युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क संपलेला आहे, त्यामुळे तिथे कुणीही हा अल्बम छापू शकतं. त्यातल्या बऱ्याच जणांकडे मूळ टेप नसते, सीडीवरून तबकडीची खाच कापतात. मग सीडीच का ऐकू नये?

निषाद_ठाणे
कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, उगाच वाद नको. युरोपातच छापलेली आहे, पाकिटावर टेपचा उल्लेख नाही.

सर्किट_सातारा
फ्लॅकप्रेमी, टेपवरून कापा नाहीतर सीडीवरून, भोक सरकलं तर दोन्ही सारखंच हलणार. तुमचा मुद्दा बरोबर असेल, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही.

म्हापशेकर
माफ करा, थोडं विषय सोडून. जॅझचा धागा दिसला आणि राहवलं नाही. मुंबईत जॅझ रुजवलं ते आमच्या गोंयच्या वादकांनी. चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकलेली मुलं ताज हॉटेलच्या बॅन्डमध्ये गेली, तिथून फिल्मच्या ऑर्केस्ट्रात. चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्यांचा ट्रम्पेट ऐकलेली माणसं आमच्या वाड्यात होती. ताजलाच टेडी वेदरफर्ड पियानो वाजवायचा, अमेरिकेतून शांघायमार्गे आलेला, पुढे १९४५ ला कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेला इथलं कुणी हजर होतं का?

रसिक_नागपूर
मी नव्हतो, पण थोरले बंधू होते. रिदम हाऊसमधून आणलेल्या त्यांच्या कॅसेट अजून माझ्याकडे आहेत. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

सर्किट_सातारा
म्हापशेकर मामा, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला वाचायला येईन. इथे निषादची मुदत चालली आहे.

निषाद_ठाणे
बघितलं! आर्म सरळसरळ डावी-उजवीकडे झुलतोय, लेबलाजवळ तर लांबून दिसतं. झोके मोजले, बरोबर अठरा सेकंद. पण दुसरी बाजू जवळजवळ ठीक आहे. 'सम अदर टाइम' सुंदर वाजलं. भोक तर एकच आहे, मग एकच बाजू कशी बिघडेल?

सर्किट_सातारा
दोन्ही बाजूंचे स्टॅम्पर, म्हणजे रेकॉर्ड दाबून छापायचे साचे, वेगळे. प्रत्येक स्टॅम्परला मध्य वेगळा काढतात. एकाचा चुकला, दुसऱ्याचा बरोबर आला. तुझ्या रेकॉर्डवर तेच झालंय.

जुनाबाजार
मग परत कशाला करता? गोल कानसने भोक जरासं मोठं करायचं. रेकॉर्ड ठेवताना सरकवून आर्म स्थिर होईपर्यंत जुळवायची. मी कितीतरी वाजती केली आहेत.

सर्किट_सातारा
जुन्या, परत न करता येणाऱ्या रेकॉर्डसाठी हा उपाय चांगला आहे, हे मान्य. पण हिला कानस लागली की दुकानदार हात लावणार नाही. शिवाय चांगली बाजूसुद्धा दर वेळी जुळवत बसावी लागेल. निषाद, भोकाला हात लावू नकोस. मोबाइल वर धरून 'डीटूर अहेड'च्या शेवटच्या मिनिटाचा व्हिडिओ घे, आवाज आणि झुलता आर्म दोन्ही येऊ देत. तो पाठव.

न्यूजर्सीकर
परत करच, हे मी आग्रहाने सांगतो. या रेकॉर्डिंगनंतर अवघ्या ११ दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर एव्हान्स कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही. निर्माता ऑरिन कीपन्यूजने आधी 'संडे' काढला, त्यात लाफारोचं वादन पुढे यावं अशी निवड होती. उरलेल्यातून १९६२ मध्ये 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आला. या त्रयीचं क्लबमधलं जे काही नीट रेकॉर्ड झालं ते त्या एका रविवारचं. सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर तो तळघरातला क्लब अजून चालू आहे, जिना उतरताना मला दर वेळी हीच रेकॉर्ड आठवते. ती हलत्या सुरात ऐकू नये कुणी.

निषाद_ठाणे
व्हिडिओ पाठवला. आता दुकानदार नरम आला. म्हणतो बदलून देतो, त्याच खेपेतली दुसरी प्रत आहे. घेऊ का?

सर्किट_सातारा
नको. स्टॅम्परच चुकलेला असेल तर त्यातून निघालेली प्रत्येक प्रत अशीच असणार. पैसे परत माग. अगदीच ऐकत नसेल तर म्हणावं, दुकानात लावून आर्म दाखव, मग घेतो.

न्यूजर्सीकर
आणि पैसे मिळाले की मूळ टेपवरून कापलेली घे. क्राफ्ट कंपनीच्या ओजेसी (ओरिजिनल जॅझ क्लासिक्स) मालिकेत इंजिनिअर केविन ग्रेने कापलेली आहे, ३३ ची. ॲनालॉग प्रॉडक्शन्सची ४५ ची दोन तबकड्यांची आवृत्तीही आहे, मिळाली तर.

निषाद_ठाणे
पैसे परत द्यायला तयार झाला, उद्या रेकॉर्ड नेऊन देतोय. सर्किट, पेटीवादक, न्यूजर्सीकर, मनापासून आभार. आता ३३ ची घेऊ की ४५ ची? ४५ वर हा दोष येत नाही का?

सर्किट_सातारा
येतो. भोक सरकलं तर टक्केवारी तीच, फक्त झोका १.८ ऐवजी १.३३ सेकंदांचा. ४५ चा फायदा वेगळा आहे, खाच सुईखालून जास्त वेगाने जाते, वरचे सूर स्वच्छ येतात. पण दोन तबकड्या, चार बाजू, आणि दर दीड-दोन गाण्यांनी उठायचं. तुला सलग ऐकायचं असेल तर ३३ घे. कुठलीही घेतलीस तरी पहिल्याच दिवशी प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याला आर्म बघ, मुदत संपायच्या आत.