तारांकित प्रश्नाने सरकार खरोखर सापडते का? वीज, पोषण आहार आणि सरकारी खरेदी

धागा सुरू करणारे : निवृत्त कक्ष अधिकारी, मुंबई

नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी मंत्रालयातल्या एका मोठी खरेदी करणाऱ्या विभागात काढली. अधिवेशन जवळ आले की टेबलावरच्या नस्त्यांचा क्रम बदलत असे. ज्या नस्तीवर विधानमंडळाच्या तातडीच्या कामाची पताका असे, ती इतर सगळ्यांच्या वर यायची, जिल्ह्यांना ‘एलएक्यूची (विधानसभेतल्या प्रश्नाची) माहिती आजच्या आज पाठवा’ असे निरोप जायचे, आणि वर्षभर स्मरणपत्रे पाठवूनही न आलेली आकडेवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायची. त्यामुळे माझे मत ठाम आहे. सरकारला धरण्यासाठी आमदारांच्या हाती जी साधने आहेत त्यांत तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते तो प्रश्न, सर्वांत धारदार आहे, मात्र तो कागद आणि तारीख मागणारा असला पाहिजे.

प्रश्नाचा साचा सर्वांना ठाऊक आहे. ‘अमुक योजनेत गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय?’ याला मी स्वतः कितीतरी वेळा तीन ओळींत उत्तर लिहिले आहे : ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागाला नकार दिला की खालचे सगळे भाग आपोआप कोसळतात. याउलट, ‘निविदेत वार्षिक उलाढालीची अट किती होती, ती कोणत्या तारखेच्या बैठकीत ठरली, तिच्यामुळे किती महिला बचत गट अपात्र ठरले आणि त्या बैठकीचे इतिवृत्त पटलावर ठेवणार (म्हणजे सभागृहापुढे अधिकृतपणे सादर करणार) काय’ असे कोणी विचारले की कक्षात शांतता पसरायची. अशा प्रश्नाला नकार देता येत नाही आणि खोटे उत्तर दिले तर हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाचा विशेषाधिकार मोडल्याबद्दलच्या कारवाईची, टांगती तलवार असते.

सभागृहातल्या प्रश्नाने देशाचा अर्थमंत्री घरी गेला, हेही आपण विसरू नये. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांची विचारणा आधी लोकसभेतल्या एका प्रश्नातून झाली. डिसेंबरमध्ये खासदार फिरोज गांधी यांनी ते प्रकरण कागदोपत्री उलगडले, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सरकारी पैसा कोणाच्या कंपनीत, कोणाच्या सांगण्यावरून गेला, इतकाच तो प्रश्न होता. आजचे आमदार लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा या तातडीचा विषय मांडण्याच्या इतर मार्गांकडे अधिक वळतात, कारण तिथे भाषण करता येते. माझ्या दृष्टीने हे नुकसान आहे. आपले अनुभव आणि विरोधी मते दोन्ही वाचायला आवडतील.

प्रतिसाद 1 : वकील, छत्रपती संभाजीनगर

महोदय, आपल्या अनुभवाचा आदर राखून मी पूर्णपणे उलट मत मांडतो. आपण बचत गटांचे उदाहरण दिले आहे, तेच घेऊ. ऑक्टोबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या याचिकेत स्पष्ट आदेश दिला की अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत आणि हे काम शक्यतो गावातल्या महिला मंडळांकडे व बचत गटांकडे जावे. पुढे, फेब्रुवारी 2019 मध्ये, त्याच न्यायालयाला महाराष्ट्रातल्या घरपोच आहाराच्या निविदा रद्द कराव्या लागल्या, कारण त्यांच्या अटींनी लहान गटांना बाहेरच ठेवले होते. मधल्या चौदा वर्षांत वर्षाला तीन याप्रमाणे अधिवेशने होत राहिली. पोषण आहारावर प्रश्न विचारले गेले, मंत्र्यांनी उत्तरे दिली, आणि अटी घालणारे अटी घालत राहिले. शेवटी ज्या गटांचा रोजगार गेला, त्यांनाच वकील लावून दिल्ली गाठावी लागली.

आपण म्हणता त्या कागद मागणाऱ्या प्रश्नालाही मंत्र्याकडे एक उत्तर नेहमीच असते : ‘माहिती संकलित करून पटलावर ठेवण्यात येईल.’ तेवढ्यात अधिवेशन संपते. सप्टेंबर 2020 मध्ये संसदेच्या अधिवेशनात महासाथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. जे साधन सरकारला इतक्या सहज बाजूला ठेवता येते, त्याला मी सर्वांत धारदार म्हणणार नाही. न्यायालय आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांच्याकडे कागद मागवून घेण्याचा अधिकार आहे. आमदाराकडे केवळ विचारण्याचा आहे.

प्रतिसाद 2 : वीजग्राहक चळवळीतला कार्यकर्ता, इचलकरंजी

विजेच्या बाबतीत दोघांचेही अर्धेच बरोबर आहे, असे मला वाटते. आमच्याकडे यंत्रमागाचा धंदा विजेच्या बिलावर तरतो नाहीतर बुडतो, त्यामुळे मी पंधराएक वर्षे वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांना जातो आहे. विजेचा दर सभागृह ठरवत नाही. तो राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि तिथे कोणीही सामान्य ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो. जून 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती व महापारेषण या कंपन्या झाल्यापासून दराविषयी प्रश्न आला की ‘ही बाब आयोगाच्या अखत्यारीत आहे’ असे उत्तर देण्याची सोय मंत्र्यांना झाली, आणि कायद्याने पाहिले तर ते चूकही नाही.

पण अनुदानाची गोष्ट निराळी आहे. वीज कायदा 2003 चे कलम 65 सांगते की सरकारला एखाद्या वर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल तर फरकाची रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ दिली पाहिजे. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू आहे. लाखो पंपांना मीटर नाहीत आणि तिथे वापर पंपाच्या अश्वशक्तीवरून गृहीत धरला जातो. म्हणजे किती युनिट वापरली हे अंदाजाने ठरते आणि त्या अंदाजावर तिजोरीतून पैसे जातात. ही रक्कम अर्थसंकल्पातून आणि पुरवणी मागण्यांतून सभागृहच मंजूर करते. मग ‘कोणत्या तिमाहीचे अनुदान कोणत्या तारखेला दिले, थकबाकी किती, आणि मीटर नसलेल्या पंपांचा वापर कोणत्या पाहणीवरून धरला’ हे विचारण्याचा अधिकार सभागृहाइतका दुसऱ्या कोणालाच नाही. आयोग कंपनीला विचारतो, अर्थमंत्र्यांना विचारत नाही.

दाभोळ वीज प्रकल्पाचा धडा मला इथे आठवतो. डिसेंबर 1993 मध्ये वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी उद्योगाच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, त्यात वीज घ्या अथवा घेऊ नका, स्थिर आकार (ठरलेली किमान रक्कम) द्यायचाच होता आणि देणे डॉलरशी बांधलेले होते. 1995 मध्ये सरकार बदलले, करार मोडला, आणि 1996 मध्ये वाटाघाटी होऊन अधिक मोठ्या क्षमतेसाठी पुन्हा केला गेला. 1999 मध्ये वीज सुरू झाली आणि मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणे बंद केले. माजी सनदी अधिकारी माधव गोडबोले यांच्या समितीने नंतर त्या कराराची चिरफाड केली. ती चिरफाड कराराआधी, सभागृहात, कलमागणिक व्हायला हवी होती. करार गोपनीय आहे असे म्हटले की प्रश्नकर्ते थांबले, ही आपली खरी चूक आहे. स्मार्ट मीटरच्या खरेदीत तीच होऊ नये, एवढ्यासाठी लिहितो : मीटरमागे सुमारे 12,000 रुपये खर्च आणि केंद्राचे अनुदान कमाल 900 रुपये, तर उरलेला भार कोणाच्या बिलात जाणार, हे मीटर पोस्टपेड की प्रीपेड या वादात हरवून जाते.

प्रतिसाद 3 : नागपूर अधिवेशनांचे वार्तांकन केलेली निवृत्त पत्रकार

मला या चर्चेत एक कडू गोष्ट आणावी लागते. प्रश्न विचारण्यामागचा हेतू शुद्ध असतो, हे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. 1951 मध्ये हंगामी संसदेचे (पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या संसदेचे) सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि त्यांना जावे लागले. डिसेंबर 2005 मध्ये याच कारणाने 11 खासदारांची हकालपट्टी झाली. खरेदीच्या विषयात हा धोका सर्वांत अधिक आहे, कारण प्रत्येक निविदेत एक हरलेला पुरवठादार असतो आणि त्याच्याकडे अगदी अचूक माहिती असते. धागाकर्त्यांना आवडणारा तारखा आणि अटी नेमक्या मागणारा प्रश्न पुष्कळदा त्याच्याच कचेरीत लिहिलेला असतो. वृत्तांकनाच्या काळात छापील यादीतला प्रश्न पुकारला जाताना प्रश्नकर्ता सभागृहात नसल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तो का आला नाही, याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून माझा भर समित्यांवर आहे. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर सचिवांना समोर बसवून साक्ष घेते, आणि तिथे टाळ्याही नाहीत, कॅमेराही नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला, त्या योजनेसाठी विधानमंडळाची स्वतंत्र समिती आहे आणि तिचे सदस्य कामांवर जाऊन हजेरीपट पाहतात. मजुराच्या हातातली नोंद आणि कागदावरची नोंद जुळते का, हे नागपुरात किंवा मुंबईत उभे राहून कळत नाही.

प्रतिसाद 4 : मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा, यवतमाळ जिल्हा

मी कायदा शिकलेली नाही, पण खरेदी दुसऱ्या टोकाला कशी उतरते ते रोज पाहते. 2024-25 मध्ये गणवेशाचे कापड राज्य पातळीवरून घेण्याचे ठरले. त्याआधी शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून गणवेश शिवून घेत असे. त्या वर्षी आमच्याकडे पहिले गठ्ठे आले तेव्हा पाऊस अर्ध्यावर आला होता. सातवीतल्या एका मुलाला शर्ट घातला तर बाही कोपराच्या वर राहिली आणि दुसरीतल्या मुलीचा फ्रॉक घोट्यापर्यंत आला. मी मापांची वही घेऊन बसले, अदलाबदल करून जमेल तेवढे जमवले आणि उरलेल्या अकरा मुलांनी स्वातंत्र्यदिनाला गेल्या वर्षीचाच गणवेश घातला.

त्या डिसेंबरात निर्णय मागे घेऊन काम पुन्हा शाळा समित्यांकडे देण्यात आले, याचा मला आनंद आहे. पण माझ्या वहीतली ती अकरा मुले कोणत्याही उत्तरात आली नाहीत. वरून विचारणा आली ती एकच होती : ‘गणवेश प्राप्त झाले काय? होय / नाही.’ गणवेश प्राप्त झाले होते, म्हणून मी ‘होय’ लिहिले. पत्रकार ताई म्हणतात तशी समिती आमच्या शाळेपर्यंत कधी पोहोचणार? आणि सर म्हणतात तो प्रश्न माझ्या वहीपर्यंत कसा पोहोचणार?

धागा सुरू करणारे

बाईंच्या ‘होय’ने मला फार अस्वस्थ केले, कारण असेच ‘होय’ एकत्र करून मी उत्तरांची परिशिष्टे तयार केली आहेत. वकीलसाहेबांशी मी एवढ्यापुरता सहमत आहे की ‘पटलावर ठेवण्यात येईल’ या वाक्यामागे कोणी लागले पाहिजे. त्यासाठी आश्वासन समिती आहे, तिच्याकडे मंत्र्यांच्या शब्दांची नोंद जाते, आणि प्रश्नकर्त्याने पाठपुरावा केला तर ती विभागाला बोलावते. हा पाठपुरावा फार थोडे आमदार करतात, हे खरे आहे. परंतु न्यायालयात जायला ज्या बचत गटाकडे पैसे नाहीत त्याने काय करावे, याचे उत्तर मला आपल्या प्रतिसादात मिळाले नाही.

ताईंनी सांगितलेला धोका मी नाकारत नाही. आमच्या कक्षातही प्रश्नाच्या भाषेवरून तो कुठून आला हे ओळखू यायचे. तरीही माझे मत असे की हरलेल्या पुरवठादाराने लिहिलेला प्रश्नसुद्धा इतिवृत्त पटलावर आणत असेल तर ते इतिवृत्त सर्वांचे होते. खरा अपाय प्रश्न मागे घेण्यात आहे. सदस्याने प्रश्न मागे घेतला किंवा तो गैरहजर राहिला तर ती नोंद त्याच्या नावासह प्रसिद्ध व्हावी, एवढा नियम झाला तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि बाई, आपल्या वहीसाठी मी एक मसुदा लिहिला आहे. तो आपल्या भागातल्या कोणत्याही पक्षाच्या आमदारांना देता येईल :

‘(1) सन 2024-25 मध्ये राज्य पातळीवरून खरेदी केलेले गणवेश यवतमाळ जिल्ह्यातील शाळांना किती प्राप्त झाले, (2) त्यांपैकी मापात न बसल्याने किती विद्यार्थ्यांना वापरता आले नाहीत, (3) मापे घेण्याची जबाबदारी करारानुसार कोणाची होती, (4) त्यापोटी पुरवठादाराच्या देयकातून किती रक्कम कापली आणि कापली नसल्यास तसा निर्णय कोणी घेतला?’

प्रतिसाद 5 : वीजग्राहक चळवळीतला कार्यकर्ता, इचलकरंजी

मसुदा चांगला आहे, पण दुसऱ्या भागाला ‘अशी माहिती संकलित केली जात नाही’ असे उत्तर येईल आणि ते खरेही असेल. तिथे असे विचारावे : ‘गणवेश मापात बसले किंवा नाही याची माहिती शाळांकडून कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या तारखेला मागवली, व त्या नमुन्याची प्रत पटलावर ठेवणार काय?’ मग तो ‘होय / नाही’चा कागदच सभागृहात येईल. पहिल्या भागात ‘किती’च्या जोडीला ‘कोणत्या तारखेला’ घालावे, कारण पंधरा ऑगस्टच्या आधी किती आले हेच बाईंना विचारायचे आहे.